आजच्यापुरता बॉलर

कराडहून कोल्हापूरच्या दिशेनं निघालं की महामार्गाला लागूनच मलकापूर सुरू होतं. बुलढाण्यातलं नव्हे आणि शाहूवाडीतलंही नव्हे. आगाशिवच्या डोंगराखालचं, कृष्णा हॉस्पिटलचं मलकापूर. मीटर लावून चोवीस तास पाणी देणारं गाव म्हणून त्याचं नाव झालं, पण इथल्या पोरांना विचाराल तर ती पाण्याआधी क्रिकेटबद्दल बोलतील. ऊस तुटला, रानं मोकळी झाली की कराड, पाटण, वाळवा, शिराळा या सगळ्या पट्ट्यात टेनिस बॉलच्या स्पर्धांचे फ्लेक्स लागतात. पहिलं बक्षीस किती, दुसरं किती, चषक कुणाच्या स्मरणार्थ, प्रवेश फी काय, आणि बऱ्याचदा तळाशी ठळक अक्षरांत एक अट: ‘एक गाव एक संघ’.

ही अट घालावी लागते यातच सगळं आलं. ती नसेल तिथं संघ बाहेरचा खेळाडू आणतात, आणि एकच आणायचा झाला तर बहुधा बॉलर आणतात. सहा-आठ षटकांची मॅच, त्यातली दोन षटकं एका माणसाच्या हातात. तेवढी अंगावर आली की मॅच संपली. म्हणून आदल्या रात्री कट्ट्यावर खल चालतो. एक जण म्हणतो, गेल्या आठवड्यात पलीकडच्या गावात ज्यानं हॅटट्रिक घेतली त्याला बोलवू. दुसरा विचारतो, ते मैदान केवढं होतं? आपल्याकडं लेगला बांध किती जवळ आहे ते बघ. त्यांचे मारणारे दोघंही उजवे, आणि ह्याचा प्रत्येक बॉल आत येतो, म्हणजे त्यांच्या पट्ट्यातच. तिसरा म्हणतो, ते राहू द्या, तो फेकतो. अंपायरनं पहिल्याच षटकात नोबॉल दिला तर काय करणार? हा तिसरा कुणाला आवडत नाही, पण शेवटी ऐकतात त्याचंच.

या खलात एक गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरलेली असते. चांगला बॉलर कोण, हा प्रश्नच नसतो. चांगले बॉलर आधीच कुठल्या ना कुठल्या संघानं धरून ठेवलेले असतात. उरलेल्यांतून उद्याच्या एका मॅचसाठी, या मैदानावर, या बॅट्समनांसमोर कोण चालेल, एवढंच ठरवायचं असतं. अमेरिकेत लाखो लोक मार्च अखेरीपासून सप्टेंबर अखेरीपर्यंत रोज सकाळी हाच खल करतात, फक्त कागदावर आणि फोनवर. त्यांच्या खेळाचं नाव फँटसी बेसबॉल.

कल्पना जुनी आहे. 1960 साली विल्यम गॅमसन नावाच्या समाजशास्त्राच्या अभ्यासकानं मित्रांना जमवून ‘बेसबॉल सेमिनार’ सुरू केला: प्रत्येकानं खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ घ्यायचा आणि हंगामाअखेर त्यांच्या खऱ्या आकड्यांवरून कोण जिंकलं ते ठरवायचं. 1980 मध्ये डॅनियल ओक्रेंट या पत्रकारानं त्याला नीट नियम घालून दिले. त्याची मंडळी न्यूयॉर्कमधल्या ‘ला रोटिसरी फ्रांसेज’ या हॉटेलात जेवायला जमत, म्हणून त्या खेळाला रोटिसरी लीग हे नाव पडलं. भाजलेल्या कोंबडीच्या हॉटेलाचं नाव एका राष्ट्रीय व्यसनाला मिळावं, हे अमेरिकेतच होऊ शकतं.

आता बेसबॉलचं थोडं. चेंडू टाकणारा तो पिचर, आणि सामन्याची सुरुवात करतो तो स्टार्टर. स्टार्टर एका सामन्यात नव्वद-शंभर चेंडू पूर्ण ताकदीनं फेकतो. त्यानंतर खांदा आणि कोपर पूर्वपदावर यायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून प्रत्येक संघ पाच-सहा स्टार्टर पाळीनं उतरवतो. मेजर लीगमध्ये 30 संघ आहेत आणि प्रत्येक जण हंगामात 162 सामने खेळतो, म्हणजे विश्रांती जवळपास नाहीच. फँटसी लीगमध्ये दहा-बारा मित्र असतील तर नामांकित स्टार्टर पहिल्याच दिवशी वाटले जातात. उरतात ते संघांचे चौथ्या-पाचव्या क्रमांकाचे पिचर. कुणाच्याही ताब्यात नसलेले हे लोक. त्यांच्यातला एक उचलायचा, त्याचा एक सामना वापरायचा, दुसऱ्या दिवशी सोडून द्यायचा आणि नवा उचलायचा. याला तिकडं ‘स्ट्रीमिंग’ म्हणतात. आपण ‘आजच्यापुरता बॉलर’ म्हणू.

त्यात मिळतं काय आणि जातं काय, हे आधी पाहू, कारण बहुतेक जण इथंच फसतात. पिचरचे गुण साधारण पाच खात्यांत जमा होतात: विजय, सेव्ह (शेवटी येऊन राखलेली आघाडी), स्ट्राइकआउट (चेंडू मारू न देताच बाद केलेला बॅटर) आणि दोन सरासऱ्या. पहिली सरासरी ईआरए, म्हणजे दर नऊ डावांमागं (बेसबॉलचा एक पूर्ण सामना) पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा. दुसरी व्हिप, म्हणजे दर डावात त्यानं दिलेले हिट (बॅटरला बेस गाठू देणारे फटके) आणि वॉक (वाईट चेंडूंमुळं फुकट दिलेला बेस). ती ओक्रेंटनंच शोधून काढली. विजय आणि स्ट्राइकआउट फक्त वाढतात. सरासरी मात्र दोन्हीकडं हलते.

समजा, आठवडाभरात तुमच्या पिचरांनी 30 डाव टाकले आणि 10 धावा दिल्या. ईआरए 3.00. शनिवारी तुम्ही एक नवखा उचलला आणि त्यानं छान काम केलं: 6 डाव, 2 धावा. आता 36 डावांत 12 धावा, ईआरए पुन्हा 3.00. सरासरी जागची हलली नाही. तोच नवखा मार खाऊन तिसऱ्या डावाअखेर बाहेर गेला आणि 7 धावा देऊन बसला, तर 33 डावांत 17 धावा होतात आणि ईआरए 4.64 वर जातो. आठवडाभराचं काम एका संध्याकाळी वाहून गेलं. चांगल्या दिवसानं चार-सहा स्ट्राइकआउट मिळतात, जमला तर एक विजय मिळतो. वाईट दिवस दोन्ही सरासऱ्या घेऊन जातो. म्हणून आजच्यापुरता बॉलर निवडताना ‘हा किती चमकेल’ हे विचारण्याआधी ‘हा किती बुडवेल’ हे विचारावं लागतं. कट्ट्यावरचा तो नावडता तिसरा माणूस नेमकं हेच विचारत होता.

मग पाहायचं काय? पहिल्यांदा समोरचा संघ. पिचरच्या मागच्या पराक्रमापेक्षा समोरच्या नऊ जणांची यादी जास्त सांगते. काही संघ प्रत्येक चेंडूला बॅट फिरवतात आणि भरपूर स्ट्राइकआउट देतात. काही संयमानं वॉक घेतात आणि पिचरला पाचव्या डावाआधीच दमवतात. पुन्हा डावखुऱ्या पिचरसमोर काही संघ पांगळे होतात, काही फुलतात. क्रिकेट पाहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर 2024 मध्ये बंगळुरूची कसोटी हरल्यावर भारतानं पुण्याच्या कसोटीसाठी वॉशिंग्टन सुंदरला संघात बोलावलं. त्याची आधीची कसोटी मार्च 2021 मधली. न्यूझीलंडच्या वरच्या फळीत लॅथम, कॉन्वे, रचिन रवींद्र हे तिघं डावखुरे, आणि डावखुऱ्यापासून बाहेर जाणारा ऑफस्पिन टाकणारा माणूस हाताशी होता. कुलदीप यादवला बसवून त्याला खेळवलं. पहिल्या तिन्ही विकेट अश्विननं घेतल्या, उरलेल्या सातही सुंदरनं: 59 धावांत 7. न्यूझीलंड 259. दुसऱ्या डावात आणखी 4.

आजच्यापुरता बॉलर याहून चांगला कुणी निवडू शकत नाही. आणि तरी भारत ती कसोटी 113 धावांनी हरला, त्याबरोबर 2012 नंतरची घरची पहिली मालिकाही. कारण तीच खेळपट्टी समोरच्या मिचेल सॅन्टनरलाही होती, आणि त्यानं 157 धावांत 13 जण घेतले. निवड बरोबर असणं आणि निकाल लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फँटसी खेळणाऱ्याला पहिल्याच महिन्यात कळतं. निवड समितीला ते कळायला अनेकदा निवृत्ती यावी लागते.

दुसरं, मैदान. बेसबॉलमध्ये पिचर उभा राहतो तिथून बॅटरपर्यंतचं अंतर सगळीकडं सारखं, 60 फूट 6 इंच. पण सीमेची भिंत कुठं आणि किती उंच असावी, यात प्रत्येक मैदान स्वतंत्र आहे. सगळ्यांत बदनाम मैदान डेन्व्हरचं कूर्स फील्ड. ते समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही वर. हवा विरळ, त्यामुळं मारलेला चेंडू दूर जातो आणि पिचरचा वळणारा चेंडू हवा तेवढा वळत नाही. धावा इतक्या निघत की 2002 पासून तिथं चेंडू ठरावीक आर्द्रतेच्या कपाटात ठेवायला सुरुवात झाली. फरक पडला, पण डोंगर काही खाली आला नाही. अनुभवी खेळणारा डेन्व्हरचा सामना दिसला की पिचरचं नावसुद्धा वाचत नाही.

क्रिकेटमध्ये मात्र मैदानाचं नाव वाचून निवड करणारा माणूस हमखास फसतो. पुण्याजवळ गहुंज्याचं मैदान घ्या. 15 जानेवारी 2017 ला तिथं इंग्लंडनं 350 केल्या आणि भारतानं त्या पार केल्या. कोहली 122, आपला केदार जाधव 120. ज्याच्या हातात चेंडू आला तो धुतला गेला. त्यानंतर सहा आठवडेही झाले नव्हते तेव्हा, 23 फेब्रुवारीला, त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी सुरू झाली. भारत 105 आणि 107. स्टीव्ह ओकीफ नावाचा डावखुरा फिरकी गोलंदाज, त्याची दोन्ही डावांतली आकडेवारी सारखीच: 35 धावांत 6. ऑस्ट्रेलिया 333 धावांनी जिंकली आणि आयसीसीच्या सामनाधिकाऱ्यानं खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला. मैदान एकच, तालुका एकच, हवा एकच. खेळपट्टी मात्र मुद्दाम वेगळी केलेली. डेन्व्हरची उंची बदलत नाही. गहुंज्याची माती मात्र दर सामन्याला नव्यानं वाचावी लागते. म्हणून क्रिकेटमध्ये ‘या मैदानावर कोण चालतो’ यापेक्षा ‘या वेळी पाणी किती मारलंय, रोलर कधी फिरवलाय’ हे जास्त कामाचं. टेनिस बॉलच्या स्पर्धेत तर त्याहून: सकाळच्या मॅचला दव असतं, दुपारच्या मॅचला तीच पट्टी ठणठणीत होते.

ओकीफचं पुढं काय झालं? बंगळुरू, रांची, धरमशाला या उरलेल्या तीन कसोटींत मिळून त्याला 7 विकेट मिळाल्या. त्याची सगळी कारकीर्द 9 कसोटींची. पुण्यातल्या त्या तीन दिवसांवरून ज्यानं त्याला कायमचा धरून ठेवला असता, तो पस्तावला असता. ज्यानं फक्त पुण्यापुरता घेतला असता, तो शहाणा ठरला असता.

आता सगळ्यांत अवघड भाग: माणसाचे स्वतःचे आकडे. कुठले खरे मानायचे? 1990 च्या दशकाच्या शेवटी व्होरॉस मॅक्रॅकेन या फँटसी बेसबॉलच्या नादी लागलेल्या तरुणानं हाच प्रश्न घेतला. 2001 मध्ये त्याचं उत्तर छापून आलं आणि बेसबॉलच्या जाणत्यांना ते पटेना. त्याचं म्हणणं असं: बॅटला लागून मैदानात पडलेला चेंडू हिट ठरेल की झेल, यात पिचरचा वाटा वाटतो त्यापेक्षा फारच थोडा असतो. तो क्षेत्ररक्षकांवर, मैदानावर आणि नशिबावर ठरतो. ज्या पिचरवर यंदा असे हिट कमी झाले, त्याच्यावर पुढच्या वर्षीही कमी होतील याची हमी नाही. पिचरच्या हातात खरोखर असतात त्या गोष्टी थोड्या: किती जणांना चेंडूच लागू दिला नाही, किती जणांना फुकट वॉक दिला, आणि किती होमरन दिल्या. पुढं या मतात दुरुस्त्या झाल्या, कुणाला मऊ फटके जास्त मिळतात हेही मोजलं गेलं, पण मूळ गाभा टिकला.

आजच्यापुरता बॉलर निवडणाऱ्याला याचा सरळ उपयोग आहे. ज्याचा ईआरए सुंदर दिसतो पण स्ट्राइकआउट कमी आणि वॉक जास्त, तो उधारीवर जगतोय. त्याच्या नशिबाची मुदत नेमकी तुमच्या दिवशी संपू शकते. ज्याचा ईआरए वाईट पण स्ट्राइकआउट भरपूर आणि वॉक थोडे, तो उचलायचा. अलीकडच्या हंगामांत मेजर लीगमध्ये दर शंभर बॅटरांमागं साधारण बावीस-तेवीस स्ट्राइकआउट आणि आठ-साडेआठ वॉक होतात. या दोन आकड्यांतला फरक पंधराच्या आसपास असेल तर माणूस सरासरी. वीसच्या वर गेला तर तो अजून मोकळा कसा राहिला याचं आश्चर्य करावं आणि लगेच घ्यावा.

थोड्या आकड्यांवर भाळू नये, हे सांगायला अमेरिकेत जायची गरज नाही. ऑगस्ट 1997 मध्ये कोलंबोत डोंबिवलीच्या नीलेश कुलकर्णीनं कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर मार्वन अटापट्टूला बाद केलं. असं करणारा तो पहिला भारतीय. त्या क्षणी त्याची सरासरी कुठल्याही थोर गोलंदाजापेक्षा सरस होती. त्यानंतर श्रीलंकेनं 6 बाद 952 केल्या, आणि कुलकर्णीची आकडेवारी 70 षटकं, 195 धावा, 1 विकेट. कसोटीत त्याला पुढं आणखी एकच विकेट मिळाली. मुंबईकडून रणजीत मात्र तो वर्षानुवर्षं उत्तम खेळला, म्हणजे गोलंदाज वाईट नव्हताच. एका चेंडूवरून त्याला थोर ठरवणं जेवढं चूक, तेवढंच त्या 195 धावांवरून त्याला टाकाऊ ठरवणंही चूक.

चौथी गोष्ट लोक विसरतात: हा माणूस मैदानात टिकणार किती वेळ? बेसबॉलच्या नियमानुसार स्टार्टरच्या नावावर विजय लागायला त्यानं किमान पाच डाव टाकलेले असावे लागतात. आजकाल संघ स्टार्टरला लवकर काढतात, सरासरी पाच डावांच्या थोडं वरच. दुखापतीतून परतलेल्या पिचरला तर सत्तर-पंचाहत्तर चेंडूंनंतर हमखास बसवतात. तो कितीही छान टाकत असो, तुमचा विजय गेला. क्रिकेटमध्ये याचाच जुळा प्रश्न म्हणजे षटकं कुठली मिळणार. ट्वेंटी-20 मध्ये चार षटकं सगळ्यांची सारखी नसतात. शेवटच्या चार षटकांत बॅट्समन प्रत्येक चेंडूला उचलायला जातो, म्हणून तिथं टाकणाऱ्याला मारही बसतो आणि विकेटही मिळतात. 2021 च्या आयपीएलमध्ये हर्षल पटेलनं 32 विकेट घेऊन ब्राव्होच्या विक्रमाची बरोबरी केली, त्यात त्याच्या हळू चेंडूइतकाच त्याला मिळालेल्या शेवटच्या षटकांचाही हात होता. मधल्या टप्प्यातली चार षटकं टाकून 24 धावा देणारा फिरकी गोलंदाज संघाच्या जास्त उपयोगाचा असेल, पण फँटसीच्या वहीत त्याची किंमत निम्मी.

आणि विजय? तो मोजूच नये, असं माझं मत आहे. बेसबॉलमध्ये ‘पिचरचा विजय’ हा सव्वाशे वर्षांहून जुना मान आहे, आणि तो सगळ्यांत फसवा आहे, कारण तो त्याच्या स्वतःच्या बॅटरांनी किती धावा केल्या यावर ठरतो. 2018 मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमचा ईआरए 1.70 होता, नॅशनल लीगमधल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला, आणि नावावर विजय फक्त 10, पराभव 9. आपल्याकडं हीच कथा वानखेडेवर घडली. डिसेंबर 2021. मुंबईत जन्मलेला आणि आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला एजाज पटेल आपल्या जन्मगावी कसोटी खेळायला आला आणि भारताचे दहाच्या दहा गडी त्यानं एकट्यानं घेतले: 47.5 षटकं, 119 धावा, 10 विकेट. जिम लेकर आणि अनिल कुंबळे यांच्यानंतर हे करणारा तो तिसराच. त्याच्या संघानं उत्तर दिलं 62 धावांचं. न्यूझीलंड 372 धावांनी हरलं. विजयाच्या रकान्यावर विश्वास ठेवणाऱ्याच्या वहीत त्या दिवशी एजाजपुढं शून्य लागलं असतं.

पण एजाजची खरी गंमत पुढं आहे. त्या कसोटीनंतर महिन्याभरात न्यूझीलंडची घरच्या मैदानांवर बांगलादेशाविरुद्ध मालिका होती, आणि एका डावात दहा विकेट घेतलेला हा माणूस त्या संघात नव्हता. भारतात अनेकांना हा अन्याय वाटला. मला तेव्हा आणि आताही तो निर्णय समजण्यासारखा वाटतो. न्यूझीलंडच्या हिरव्या खेळपट्ट्यांवर फिरकीला काम थोडं; निवड समितीनं माणूस बघितला नाही, दिवस बघितला. (पहिली कसोटी ते बांगलादेशाकडून हरले, ही गोष्ट वेगळी; सामना फिरवला तोही त्यांच्या वेगवान इबादत हुसेननं.) आणि नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा वानखेडे आलं तेव्हा तोच एजाज संघात होता. 11 विकेट. न्यूझीलंडनं भारताला 25 धावांनी हरवून मालिका 3-0 घेतली. वानखेडेवर दोन कसोटी, 25 विकेट. फँटसीच्या भाषेत सांगायचं तर वानखेडेची कसोटी लागली की उचलायचा आणि वेलिंग्टनची लागली की सोडायचा, इतका स्वच्छ माणूस क्वचित मिळतो.

आता आपल्या फोनमधल्या खेळाकडं. हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी मुंबईत 2008 मध्ये फँटसी क्रिकेटचं ड्रीम इलेव्हन सुरू केलं. 2020 मध्ये ते आयपीएलचे मुख्य प्रायोजक झाले आणि 2023 मध्ये त्यांचं नाव भारतीय संघाच्या जर्सीवर आलं. अमेरिकन फँटसी बेसबॉल आणि हा खेळ यांत एक मोठा फरक आहे, तो लोकांच्या लक्षात येत नाही. तिकडं मित्रांची लीग सहा महिने चालते, आजच्यापुरता बॉलर ही त्यातली छोटी चाल असते. एक दिवस बुडाला तर पुढं पाच महिने उरतात. इकडं संपूर्ण खेळच एका सामन्याचा. नाणेफेक झाली, अकरा जणांची नावं आली, आणि सामना सुरू होईपर्यंतच्या अर्ध्या तासात कराडच्या स्टँडवरही आणि पुण्याच्या ऑफिसातही माना खाली जात. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. वर सांगितलेल्या चारही गोष्टी त्या अर्ध्या तासात बसवायच्या. त्यात कौशल्य नाही असं कुणी म्हणू नये. न्यायालयांनीही फँटसी क्रिकेटला कौशल्याचा खेळ मानलं होतं. पण कौशल्य दिसायला वेळ लागतो. शंभर सामन्यांत जाणता माणूस अजाणत्याच्या पुढं जाईल. एका सामन्यात लाखो जणांच्या स्पर्धेत पहिला येणारा बहुधा तो असतो, ज्यानं कुणीच न घेतलेला माणूस कर्णधार केला आणि तो योगायोगानं चालला. बक्षीस त्यालाच मिळे, जाहिरातीत तोच दिसे.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि 22 ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ड्रीम इलेव्हननं पैशाच्या स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरचं नावही गेलं. कंपन्यांनी कायद्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. कौशल्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी, पगाराच्या दिवशी उशाला फोन घेऊन बसणारी पोरं ज्यांच्या घरात होती, त्यांना या बंदीचं वाईट वाटलं नसावं.

पैसे काढून घेतल्यावर खेळ मात्र उरतो, आणि चांगला उरतो. आठ-दहा मित्र, एक वही किंवा साधी एक्सेल शीट, आणि आयपीएलचा पूर्ण हंगाम. प्रत्येकानं सुरुवातीला लिलाव करून खेळाडू घ्यायचे, एक जागा दर आठवड्याला बदलण्यासाठी मोकळी ठेवायची. त्या जागेवर कोण येतो यावरून कुणाला क्रिकेट कळतं ते दोन महिन्यांत दिसेल. नियम ठरवताना एवढं करा: विजयाला गुण देऊ नका, विकेटइतकेच डॉट बॉललाही द्या, आणि धावांच्या गतीची सरासरी ठेवा, म्हणजे चुकीच्या माणसाचा भुर्दंड बसेल. आणि शनिवारच्या सामन्यासाठी मोकळ्या यादीतले सगळे बॉलर तपासूनही कुणी पटला नाही, तर ती जागा बिनदिक्कत रिकामी ठेवा. रिकाम्या जागेचा ईआरए बिघडत नाही.